जजसाहेबांचा परिचय लिहायचाय? आधी तारखा वाचायला शिका

गेल्या पावसाळ्यात आमच्या इथल्या वाचनालयात एका निवृत्त न्यायमूर्तींचं व्याख्यान होतं आणि परिचय करून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी हायकोर्टात वकिली करतो म्हणजे मला सगळं माहीतच असणार असं कमिटीतल्या काकांनी परस्पर ठरवून टाकलेलं. मी आदल्या रात्री बोरिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाईलवर इकडचं तिकडचं वाचून एक पान तयार केलं आणि दुसऱ्या दिवशी माइकवर ठणकावून वाचलं, की साहेब अमुक साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि दोनच वर्षांत त्यांना बढती मिळाली. साहेब बाजूच्या खुर्चीत. हळूच वाकून म्हणाले, "बढती नाही हो, कन्फर्म झालो." माइक चालू होता.

तेव्हापासून कोणाही जजचा परिचय, मृत्युलेख, स्मरणिकेतला लेख, लॉ कॉलेजचा प्रोजेक्ट, काहीही लिहायचं असलं की मी आधी विशेषणं बाजूला ठेवतो आणि तारखा मांडून बसतो. कसं ते सांगतो.

आधी शब्द नीट करा, कारण पेपरवाले पण चुकतात. तालुका-जिल्हा कोर्टात बसतात ते न्यायाधीश, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात बसतात ते न्यायमूर्ती. हायकोर्टाचे प्रमुख ते मुख्य न्यायमूर्ती, देशाचे ते सरन्यायाधीश. 'मुंबई हायकोर्टाचे सरन्यायाधीश' असं छापलेलं मी स्वतः वाचलंय. आणि 'नागपूर हायकोर्टाचे न्यायमूर्ती' असं आजच्या माणसाबद्दल लिहू नका. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा ही मुंबई हायकोर्टाचीच खंडपीठं, आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. जज मुंबईहून नागपूरला बसायला गेले तर ती दुसऱ्या हायकोर्टात बदली होत नाही, कोर्ट तेच राहतं. फक्त जुन्या माणसाचं लिहीत असाल तर सावध, १९३६ ते १९५६ नागपूरला खरंच वेगळं हायकोर्ट होतं, तिथे 'नागपूर हायकोर्ट' हेच बरोबर.

मग पहिला प्रश्न: साहेब बारमधून (म्हणजे वकिलीतून) आलेत की सर्व्हिसमधून (म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशाच्या नोकरीतून)? हायकोर्टात जायला हे दोनच दरवाजे आहेत. घटनेचं कलम २१७ म्हणतं की दहा वर्षं न्यायालयीन पद तरी सांभाळलेलं हवं किंवा हायकोर्टात दहा वर्षं वकिली तरी केलेली हवी. साधारण दोन तृतीयांश जागा वकिलांमधून आणि एक तृतीयांश जिल्हा न्यायाधीशांमधून भरायच्या असा रिवाज आहे. हे एकदा कळलं की पुढचं अर्धं आयुष्य कसं गेलं असेल ते आपोआप दिसतं.

सर्व्हिसवाल्यांची वाट लांबची. एमपीएससीची परीक्षा देऊन ज्युनिअर डिव्हिजनला, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा दिवाणी न्यायाधीश म्हणून, लागायचं (मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्यासाठी आधी तीन वर्षं वकिली पाहिजे, लॉ झालं की थेट परीक्षा हा मार्ग बंद झाला), भाईंदरला उत्तनच्या ज्युडिशियल अकॅडमीत ट्रेनिंग, मग महाराष्ट्रभर बदल्या, सिनिअर डिव्हिजन, जिल्हा न्यायाधीश, आणि नशीब असेल तर हायकोर्ट. अशा माणसाचा परिचय लिहिताना बदल्यांची गावं क्रमाने लिहा. 'विविध ठिकाणी काम केले' ह्या एका वाक्यात मुलांच्या पाच शाळा आणि बायकोची सुटलेली नोकरी गडप होते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आहेत, त्यांना गावं तारखेने आठवत नाहीत, सरकारी क्वार्टरमध्ये पाणी किती वाजता यायचं त्यावरून आठवतात.

ह्या दोन दरवाजांचं सगळ्यात चांगलं उदाहरण एकाच खुर्चीवर सापडतं. काशिनाथ त्र्यंबक तेलंग बारमधून आले, १८८९ मध्ये मुंबई हायकोर्टाचे जज झाले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. १८९३ मध्ये ते गेले आणि त्यांच्या जागी आले महादेव गोविंद रानडे, वय ५१. रानडे त्याआधी वीसेक वर्षं खालच्या कोर्टांमध्ये होते, सब-जज, स्मॉल कॉज कोर्टाचे जज, मग शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दलच्या कायद्याखाली स्पेशल जज. तेलंग वयाने लहान, पण हायकोर्टात आधी पोचले. 'दोघेही थोर' असं लिहून आपण मोकळे होतो आणि ही वीस वर्षं कोणाला दिसतच नाहीत.

बारवाल्यांचं बघताना तीन गोष्टी शोधा: कोणाच्या चेंबरमध्ये ज्युनिअरशिप केली, कुठल्या कोर्टात, आणि सरकारी वकील होते का. न्यायमूर्ती अभय ओक यांनी १९८३ मध्ये ठाण्याच्या जिल्हा कोर्टात वडिलांच्या चेंबरमधून सुरुवात केली. भूषण गवई २००० साली नागपूर खंडपीठात सरकारी वकील झाले आणि २००३ मध्ये जज. सरकारी वकिली ही जुनी शिडी आहे, रोज कोर्टासमोर उभं राहावं लागतं, त्यामुळे माणूस कसा आहे ते जजना आतून माहीत असतं. ओरिजिनल साइडवाला आणि अपेलेट साइडवाला हा पण फरक मुंबईत लई मोठा आहे. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले मोठमोठे दावे थेट हायकोर्टात चालतात, तिथे सॉलिसिटर फर्म ब्रीफ (केसचं काम) देणार आणि काउन्सेल (युक्तिवाद करणारे वकील) उभे राहणार. अपेलेट साइडला, म्हणजे खालच्या कोर्टांवरच्या अपिलांना, आमच्यासारखे, सांगली-साताऱ्याचा पक्षकार सकाळच्या एसटीने पिशवीत कागद घेऊन येतो ते.

पण वकील असताना कोणाची केस लढवली त्यावरून जज कसा असेल हे ठरवायच्या भानगडीत पडू नका. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. जामीन मिळाला, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, टिळकांवर पुन्हा राजद्रोह, आणि आता खुर्चीवर तेच दावर. जामीन नाकारला, ज्युरीने बहुमताने दोषी ठरवलं, सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. टिळक मंडालेला गेले. ज्या कोर्टरूममध्ये हे झालं, ४६ नंबर, त्याच्या बाहेर टिळकांचे शब्द कोरलेला संगमरवरी फलक आहे, १९५६ साली तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी त्याचं अनावरण केलं. म्हणजे ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टाने पुढे भिंतीवर आरोपीचं म्हणणं लावलं. मी त्या पॅसेजमधून रोज जातो आणि बहुतेक वेळा घाईत असल्यामुळे बघत नाही, हेही खरं.

आता तारखा. पाच तारखा कागदावर उभ्या लिहा: जन्म, सनद (वकिलीचा परवाना), अ‍ॅडिशनल जज म्हणून शपथ, कायम झाल्याची तारीख, निवृत्ती. जास्त हुशारी करायची असेल तर सहावी, कॉलेजियमने (जज म्हणून नावं सुचवणारं वरिष्ठ न्यायमूर्तींचं मंडळ) नाव सुचवलं ती.

अ‍ॅडिशनल आणि कायम हा माझा दुखरा भाग, म्हणून जरा सविस्तर. कलम २२४ खाली अतिरिक्त न्यायमूर्ती जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी नेमता येतो. काम तेच, अधिकार तेच, पगार तोच, फक्त मुदत लागलेली असते, मग पुन्हा कॉलेजियम, पुन्हा केंद्र सरकार, आणि मग कायम. ह्याला वकील लोक 'कन्फर्म झाले' म्हणतात. गवईंच्या तारखा बघा: अ‍ॅडिशनल १४ नोव्हेंबर २००३, कायम १२ नोव्हेंबर २००५. दोन वर्षं संपायला अक्षरशः दोन दिवस बाकी. हे एकदा दिसलं की 'बढती' शब्द हातून लिहिलाच जात नाही.

वयाची गंमत तर अजून मोठी. हायकोर्टाचे जज ६२ व्या वर्षी निवृत्त होतात (१९६३ च्या घटनादुरुस्तीआधी ६० होतं), सुप्रीम कोर्टाचे ६५ व्या. त्यामुळे माणूस हायकोर्टात कितव्या वर्षी आला ह्यावरच पुढचं बरंच गणित ठरतं. शरद बोबडे आणि धनंजय चंद्रचूड दोघे एकाच दिवशी, २९ मार्च २००० ला, मुंबई हायकोर्टाचे अ‍ॅडिशनल जज झाले. बोबडेंना तेव्हा ४४ वं वर्ष संपत आलेलं, चंद्रचूड ४० चे. बोबडे मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती होऊन २०१३ ला सुप्रीम कोर्टात, चंद्रचूड अलाहाबादहून २०१६ ला. बोबडे २०१९ मध्ये सरन्यायाधीश झाले, चंद्रचूड २०२२ मध्ये. एकाच दिवसाची शपथ पण सरन्यायाधीशपदात तीन वर्षांचं अंतर, आणि दोघांची जन्मतारीख बाजूला ठेवलीत तर ह्यातलं काहीच उलगडत नाही. जे पन्नाशी ओलांडून येतात ते कितीही चांगले असले तरी दहा-बारा वर्षांत घरी जातात, मग लोक विचारत बसतात की ते वर का नाही गेले. अहो, वर्षंच नव्हती.

आणखी एक, मुख्य न्यायमूर्ती सहसा बाहेरच्या हायकोर्टातून येतात. म्हणून मुंबईच्या जजला ते पद मिळालं तर गाव बदलणार, ओक साहेब २०१९ ला कर्नाटकला गेले तसे. पण गवई कुठेच मुख्य न्यायमूर्ती न होता २०१९ ला थेट सुप्रीम कोर्टात गेले. त्यामुळे 'आधी मुख्य न्यायमूर्ती, मग सुप्रीम' हा जिना सगळ्यांच्या परिचयात ठोकून देऊ नका.

हे सगळं शोधायचं कुठे? हायकोर्टाच्या साइटवर आजी-माजी जजांची माहिती आहे, सुप्रीम कोर्टाच्या साइटवर तिथल्या जजांची. कॉलेजियमचे ठराव ऑक्टोबर २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या साइटवर टाकायला लागले, तिथे नाव कधी सुचवलं ते मिळतं, आणि नेमणुकीची अधिसूचना कायदा मंत्रालयाची असते. दोन तारखांमधलं अंतर मोजा. कधी काही आठवडे, कधी वर्ष उलटतं, आणि त्या काळात त्या वकिलाची काय अवस्था असते ते आम्ही जवळून बघतो, नवीन ब्रीफ घ्यावं की नको, चेंबर सोडावं की नको, पक्षकाराला काय सांगावं, आणि नाव शेवटी आलंच नाही तर परत त्याच कॉरिडॉरमध्ये सगळ्यांच्या नजरा चुकवत फिरायचं. परिचयात हे लिहिता येत नाही, पण माहीत असलं की बाकीचं जपून लिहिलं जातं.

निकालांकडे या. इथे सगळे 'गाजलेले निकाल' असं गुगल करतात आणि पेपरची हेडलाइन उचलतात. पेपरात 'हायकोर्टाने ताशेरे ओढले' असं आलं ना, की आधी ऑर्डर उघडून बघा, कारण सुनावणीत जज तोंडाने जे बोलतात ते पुष्कळदा ऑर्डरमध्ये नसतंच, आणि रेकॉर्डवर राहते ती ऑर्डर. पहिल्या पानावर 'कोरम' अशी ओळ असते, तिथे दोन नावं असली तर डिव्हिजन बेंच, एक असेल तर सिंगल. दोन नावं असतील तर निकाल लिहिलाय कोणी ते बघा, नाहीतर ज्यांनी नुसती सही केली त्यांच्या नावावर आपण पराक्रम लिहून बसतो. २०२३ पासूनच्या निकालांवर नवीन पद्धतीचा नंबर असतो, त्यात बीएचसीच्या (बॉम्बे हायकोर्ट) पुढे एएस असेल तर अपेलेट साइड, ओएस असेल तर ओरिजिनल, एनएजी म्हणजे नागपूर. बेंच शोधायला हे लई सोयीचं.

माझा सल्ला, दोन गाजलेले निकाल घ्या आणि दहा न गाजलेले. जामीन, जमिनीचं दुसरं अपील, एसटी अपघाताची भरपाई, पेन्शन. माणूस तिथे कळतो. पक्षकाराचं म्हणणं किती ओळीत मांडलंय, हरणाऱ्याला आपण का हरलो ते कळेल असं लिहिलंय का, तारखा किती पडल्या. एका निवृत्त स्टेनोग्राफर बाईंनी मला सांगितलं होतं, त्यांचे साहेब भर कोर्टात डिक्टेशन देताना हरणाऱ्या वकिलाचा मुद्दा आला की वेग कमी करायचे, म्हणायचे हे नीट घ्या, हा माणूस अपिलात जाणार आहे. हे कुठल्याच साइटवर मिळणार नाही, स्टेनो, शिरस्तेदार, जुने पट्टेवाले यांच्याशी बोला.

आणि जो निकाल नंतर चुकीचा ठरला तोही लिहा. यशवंत चंद्रचूड १९७६ च्या आणीबाणीतल्या हेबिअस कॉर्पस (अटकेला कोर्टात आव्हान देण्याच्या) खटल्यात बहुमताच्या बाजूला होते, आणि २०१७ मध्ये खासगीपणाच्या हक्काच्या निकालात तो निवाडा चूक होता असं लिहिणारे त्यांचेच चिरंजीव, धनंजय. वडील सात वर्षांहून जास्त सरन्यायाधीश होते, आजवर कोणीही नाही इतके, आणि हेही त्याच आयुष्यातलं.

आता थोडं अमेरिकेबद्दल, कारण माझ्या आतेभावाची मुलगी फिलाडेल्फियाला लॉ करते आणि तिला तिथल्या फेडरल (केंद्रीय) अपील कोर्टाच्या एका जजवर पेपर लिहायचा होता. "काका, तुमची मेथड इथे चालेल का?" म्हणाली. चालते, उलट तिथे सोपी पडते. फेडरल ज्युडिशियल सेंटर म्हणून सरकारी संस्था आहे, तिच्या साइटवर १७८९ पासूनच्या फेडरल जजांची चरित्रं आहेत, जन्म, शिक्षण, नोकऱ्या, कोणी नेमलं, सिनेटने कधी मान्यता दिली, सगळं चार-सहा ओळीत. आपल्याकडे हेच दहा ठिकाणी हिंडून गोळा करावं लागतं.

पण कॉलम वेगळे आखा. तिथे अपिलाची १३ फेडरल कोर्टं, जागा १७९. अपील कोर्टात साक्षीदार नाहीत, ज्युरी नाही, तीन जजांचं बेंच खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड वाचून आणि वकिलांचं ऐकून निकाल देतं. आपलं हायकोर्ट अपीलही ऐकतं आणि ओरिजिनल साइडला दावेही चालवतं, म्हणून सरळ 'तिकडचं हायकोर्ट' असं भाषांतर करू नका. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करणार आणि सिनेट उघड मतदान करणार. म्हणून तिकडच्या परिचयात मतांचा आकडा लिहितात. श्री श्रीनिवासन, जन्म चंदीगड, वाढले कॅन्ससमध्ये, २०१३ ला डीसी सर्किटवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या अपील कोर्टावर, गेले ते ९७ विरुद्ध शून्य मतांनी, आणि २०२० मध्ये तिथले चीफ जज झाले. चीफ जज व्हायला तिथे बाहेरून कोणी येत नाही, त्याच कोर्टातला ६५ च्या आतला सगळ्यात सिनिअर जज होतो, जास्तीत जास्त सात वर्षं.

आणि निवृत्तीचं वय नाहीच, नेमणूक तहहयात. ६५ वय आणि १५ वर्षं नोकरी झाली की 'सिनिअर स्टेटस' घेता येतं, म्हणजे काम कमी, जागा रिकामी, पण जज जजच राहतो. पोरीने पहिल्या ड्राफ्टमध्ये ह्याला 'रिटायर झाले' लिहिलं होतं, ते कापायला लावलं. दुसरं म्हणजे 'कन्फर्म'. तिकडे कन्फर्म म्हणजे सिनेटने मान्यता दिली, त्यानंतरच माणूस खुर्चीवर बसतो. आपल्याकडे कन्फर्म म्हणजे आधीच खुर्चीवर बसलेला अ‍ॅडिशनल जज कायम झाला. तिला हे सांगताना मला वाचनालयातला माइक आठवला पण मी काही बोललो नाही.

जमलं तर लिहिण्याआधी एकदा हायकोर्टात जाऊन बसा. चर्चगेटला उतरून ओव्हल मैदान ओलांडलं की समोर. काम १८७१ ला सुरू, १८७८ ला पूर्ण, आराखडा कर्नल फुलरचा, कोर्ट मात्र त्याच्याही आधीचं, १८६२ चं. गेटवर ओळखपत्र दाखवा, मोबाईल सायलेंट करा, मागच्या बाकावर गप बसा, सुनावणी सगळ्यांना खुली असते. एखाद्या महिला न्यायमूर्तींच्या कोर्टात बसलात तर एवढं लक्षात असू द्या, की इथे पहिल्या महिला जज सुजाता मनोहर १९७८ मध्ये आल्या, कोर्ट सुरू होऊन ११६ वर्षं झाल्यावर.

आणि पाहुण्यांशी आधी बोलता आलं तर चालू केसेसबद्दल विचारू नका, ते सांगणार नाहीत आणि तुम्हालाही अवघड वाटेल. पहिली केस कुठली, फी किती मिळाली, शपथेच्या दिवशी घरचं कोण कोण आलं होतं हे विचारा. लिहून झालं की तारखांचा कागद त्यांनाच पाठवा, जज लोक दुसऱ्याचा ड्राफ्ट तपासायला कधीच नाही म्हणत नाहीत. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फ्लेक्सवाल्याकडे स्वतः जा. तो हमखास 'न्यायमुर्ती' लिहितो, मू दीर्घ करून घ्या, आणि नावापुढे 'निवृत्त' टाकलंय का तेही बघा, आमच्या फ्लेक्सवर ते राहिलं होतं आणि साहेब म्हणाले, चला, एक संध्याकाळ परत ड्युटीवर.